उंदीर बरा झाला, पण पेशंटचं काय?

दर दोन-चार महिन्यांनी व्हॉट्सॲपवर बातमी फिरते, ‘लिव्हरच्या कॅन्सरवर औषध सापडलं!’ मग आम्हा पत्रकारांना फोन सुरू होतात. परवा ओळखीतल्या एका पोराने विचारलं, “दादा, हे पुण्यात मिळेल का? वडिलांसाठी जमीन विकायची तयारी आहे.” बातमी शेवटपर्यंत वाचली. अगदी खाली एक शब्द होता : उंदीर. त्याला स्पष्ट सांगितलं, यासाठी जमीन विकू नको, आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखव.

प्रयोग खोटा नसतो बरं का. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा बारीक तुकडा, पेशंटच्या संमतीने, उंदराच्या अंगात बसवतात. या उंदरांना प्रतिकारशक्ती जवळपास नसतेच, म्हणून परकी गाठ तिथे वाढते. १९६९ साली डेन्मार्कमध्ये आतड्याच्या गाठीवर हे जमलं होतं. एकाच पेशंटची गाठ अनेक उंदरांत वाढवून वेगवेगळी औषधं ताडून बघता येतात. फायदा मोठा आहे.

पण मर्यादाही तेवढ्याच. लिव्हरच्या गाठीचे बरेच तुकडे रुजतच नाहीत. रुजले तरी वाढायला महिने जातात, आणि पेशंटकडे तेवढा वेळ असतोच असं नाही. शिवाय २०२० पासून वापरात आलेली अटेझोलिझुमॅब-बेव्हॅसिझुमॅब ही जोडी पेशंटच्या प्रतिकारशक्तीलाच कामाला लावते. जिथे प्रतिकारशक्तीच नाही, त्या उंदरावर तिची परीक्षा कशी होणार? त्यासाठी मानवी पेशी बसवलेले खास उंदीर लागतात. आणि आपल्या पेशंटचं उरलेलं लिव्हरही बहुतेक वेळा आधीच सुकलेलं असतं. उंदराला सोसलेलं औषध त्याला सोसेलच असं नाही.

मथळ्यात ‘उंदरांवर’ एवढा एक शब्द घालायला जागा लागते किती? तो गाळला की कोणाच्या तरी घरात खोटी आशा शिरते. हे मी आमच्याच धंद्याला सांगतोय.

ज्याची बातमी होत नाही, ते मात्र आपल्या हातात आहे. हिपॅटायटिस बी हे लिव्हरच्या कॅन्सरचं एक मोठं कारण. तैवानने १९८४ साली बाळांना त्याची लस द्यायला सुरुवात केली आणि तिथल्या मुलांमधला हा कॅन्सर घटला. आपल्याकडे ही लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे, पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांत. घरात बाळंतपण असेल तर नर्सताईंना आठवणीने विचारा. दारू पिणाऱ्यांना तर वेगळं सांगायला नकोच.

आणि पुढची ‘चमत्कारी औषधा’ची बातमी आली की फॉरवर्ड करण्याआधी एवढंच शोधा : प्रयोग कोणावर झालाय?