दुसऱ्या फळीचे मैदान

‘दुय्यम’ या शब्दाला मराठीत कचेरीचा वास आहे. दुय्यम निबंधक, दुय्यम अधिकारी अशा प्रयोगांतून तो आपल्या कानांवर पडतो आणि पडताना थोडीशी तुच्छताही घेऊन येतो. मैदानावर मात्र आपण ‘दुसरी फळी’ असे म्हणतो. फळी म्हणजे लढणाऱ्यांची रांग. पहिली मोडली तर तिची जागा घ्यायला दुसरी उभी असते. दुय्यमाला नुसते स्थान असते, दुसऱ्या फळीला काम असते. एखाद्या खेळात एक मोठी व्यावसायिक लीग पाय रोवून उभी असताना तिच्या शेजारी दुसरी लीग जगू शकेल काय, हा प्रश्न आम्हांला याच दोन शब्दांमधील फरकाचा वाटतो.

आम्ही राहतो त्या कळंबोलीत हा प्रश्न केवळ क्रीडापानावरचा नाही. सिडकोने वसवलेली ही वसाहत. एका अंगाला लोखंड-पोलादाचा बाजार, दुसऱ्या अंगाला पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग. सळया, पत्रे आणि कॉइल यांची चढउतार करणारे माथाडी कामगार बरेचसे सातारा-सांगलीकडचे, आणि आजूबाजूच्या मूळ गावांतले लोक आगरी-कोळी. या दोन्ही समाजांना जोडणारी जी थोडी सूत्रे आहेत, त्यांत कबड्डी हे एक. हिवाळा सरत आला की पनवेल तालुक्यातल्या गावोगावच्या मंडळांचे चषक सुरू होतात. मातीचे मैदान, त्यावर पाण्याचा शिडकावा, बांबूंवर बांधलेले दिवे, आणि प्रत्येक चढाईला खेळाडूच्या बापाच्या नावासकट हाक मारणारा निवेदक. हे सामने पाहत आम्ही या खेळाचा विचार करू लागलो. दूरचित्रवाणीवर तो पुष्कळ उशिरा आला.

आधी दूरचे उदाहरण घेऊ, कारण दुसऱ्या लीगचा प्रयोग जितक्या वेळा अमेरिकन फुटबॉलमध्ये झाला आणि फसला तितका क्वचितच अन्यत्र झाला असेल. लांबट चेंडू आणि शिरस्त्राण यांचा हा खेळ. त्यात एनएफएल ही सर्वसत्ताधीश लीग. तिच्याशी स्पर्धा करायला १९७४ मध्ये वर्ल्ड फुटबॉल लीग निघाली आणि दुसऱ्याच वर्षी बंद पडली. १९८३ मध्ये यूएसएफएल आली. एनएफएलचा हंगाम नसतो तेव्हा, वसंत ऋतूत, ती खेळली जाई. दोन हंगामांनंतर तिने एनएफएलच्या मक्तेदारीविरुद्ध दावा लावला, १९८६ मध्ये तो जिंकला, आणि ज्यूरीने नुकसानभरपाई ठरवली ती एक डॉलर. कायद्याने तिप्पट होऊन तीन. एक्सएफएल २००१ मध्ये एका हंगामात आटोपली. २०१९ ची अलायन्स आठ आठवडे चालली. २०२० मध्ये पुन्हा उभी राहिलेली एक्सएफएल पाच आठवड्यांनी महासाथीत सापडली. पुढे जुन्याच नावाने पुन्हा आलेली यूएसएफएल आणि एक्सएफएल या दोघींनी एकत्र येऊन २०२४ मध्ये यूएफएल हा संसार मांडला. दोन दुसऱ्या लीग मिळून एक झाली, हेच पुरेसे बोलके आहे.

एक अपवाद आहे. १९६० मध्ये सुरू झालेली एएफएल टिकली आणि १९७० मध्ये एनएफएलमध्ये सन्मानाने विलीन झाली. मोठ्या लीगला तोवर ज्यांच्यात रस नव्हता अशा बफेलो, डेन्व्हर यांसारख्या शहरांत ती गेली, आणि दूरचित्रवाणीचे उत्पन्न तिने पहिल्यापासून सर्व संघांत वाटून घेतले. तिच्यापाशी काम होते. बाकीच्यांपाशी फार तर रिकामा ऋतू होता. शिवाय रिकामी दिसणारी ती जागाही खरोखर रिकामी नव्हती. अमेरिकेत महाविद्यालयांचे फुटबॉल हीच लोकांची दुसरी लीग आहे. तिथे खेळाडू घडतात, तिथेच गावाचा आणि पिढ्यांचा जीव गुंतलेला असतो. नवा उद्योजक येतो तेव्हा दुसऱ्या खुर्चीवर आधीच कोणी तरी बसलेले असते.

आता आपल्याकडे वळू. अमेरिकन फुटबॉलची लीग भारतातही काढून पाहिली गेली. एलिट फुटबॉल लीगमध्ये २०१२ च्या पहिल्या हंगामात पुण्याच्या नावाचा ‘मराठाज’ संघ होता. सामने झाले कोलंबोत. त्याआधी २००७ मध्ये सुभाषचंद्र यांच्या झी समूहाने इंडियन क्रिकेट लीग काढली. कपिलदेव तिच्या अग्रभागी होते. ‘मुंबई चॅम्प्स’चा कर्णधार ब्रायन लारा होता. पहिल्या वर्षीचे सगळे सामने हरियाणातल्या पंचकुल्यात झाले. क्रिकेट मंडळाने या लीगला मान्यता नाकारली, तीत खेळणाऱ्यांना आपली दारे बंद केली, आणि २००८ च्या एप्रिलमध्ये स्वतःची आयपीएल मैदानात उतरवली. २००९ मध्ये मंडळाने परत येणाऱ्या खेळाडूंना क्षमा देऊ केली. अंबाती रायुडूसारखा खेळाडू परतला आणि पुढच्याच वर्षी मुंबई इंडियन्सकडून खेळला. त्याच्या गुणवत्तेने त्याला तारले. ज्यांची गुणवत्ता दोन बोटे कमी होती, त्यांची उमेदीची वर्षे मात्र या भांडणात खर्ची पडली.

कबड्डीची गोष्ट आम्हांला अधिक जवळची, आणि अधिक गुंतागुंतीची. प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत, वरळीला सुरू झाली. त्या वर्षीच्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू होता राकेश कुमार. किंमत बारा लाख ऐंशी हजार. चार वर्षांनी, २०१८ मध्ये, मोनू गोयतवर एक कोटी एक्कावन्न लाखांची बोली लागली. त्याच लिलावात मुंबईच्या रिशांक देवाडिगाला एक कोटी अकरा लाख मिळाले, आणि २०१९ मध्ये चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला एक कोटी पंचेचाळीस लाख. हे आकडे वाचून दुसऱ्या फळीच्या हजारो मुलांच्या मनात काय झाले असेल याची कल्पना करता येते. शिखर एकदम उंच झाले. पायथ्याची माती होती तिथेच राहिली.

या दोहोंमधली जागा भरण्याचे प्रयत्न झाले. २०१५ मध्ये महाराष्ट्रात महा कबड्डी लीग झाली. जिल्ह्यांच्या आणि शहरांच्या नावांचे संघ, त्यांत रायगडही. आणि विशेष म्हणजे पुरुषांबरोबर महिलांचेही. कल्पना चांगली होती, परंतु तिला पंचांगातली कायमची तिथी मिळाली नाही. २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीने महिलांची तीन संघांची स्पर्धा झाली. आपली अभिलाषा म्हात्रे त्यांतल्या एका संघाची कर्णधार होती. तिचीही पुनरावृत्ती झाली नाही. आणि २०१९ च्या मे महिन्यात इंडो इंटरनॅशनल प्रीमियर कबड्डी लीग आली. जुन्या राष्ट्रीय संघटनेच्या बाहेर उभ्या राहिलेल्या नव्या महासंघाची ही लीग. पुणे, म्हैसूर आणि बंगळूर येथे सामने झाले. तिच्या आठ संघांत एक ‘मुंबईचे राजे’ होता. मुंबईत सामना नव्हता.

त्या सुमारास आमच्या एका विद्यार्थ्याने आम्हांला विचारले होते, “सर, ही दुसरी लीग टिकेल का हो?” तो उजवा कोपरा खेळायचा. दिवसा लोखंड बाजारात एका वजनकाट्यावर पावत्या लिहायचा, संध्याकाळी सरावाला जायचा आणि उरलेल्या वेळात बी.ए.चा अभ्यास करायचा. प्रश्न कुतूहलाचा नव्हता. नव्या लीगसाठी खेळाडू शोधणाऱ्या कोणाशी तरी त्याच्या मंडळातल्या मुलांचे बोलणे झाले होते. “बाबा म्हणतात, पैसे देतायत तर जा. मंडळातले म्हणतात, एकदा गेलास की जिल्ह्याच्या निवड चाचणीला उभं करणार नाहीत.” आम्ही त्याला म्हणालो, “लीग टिकेल की नाही हे सोड. लीग महिनाभराची. उरलेले अकरा महिने तुला कोण पोसणार, ते विचार.” तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “सर, आत्ताही वजनकाटाच पोसतोय.”

त्या उत्तरावर आमच्याकडे प्रत्युत्तर नव्हते, आणि खरे तर सगळ्या विषयाचा गाभा त्यातच आहे. महाराष्ट्राच्या कबड्डीला एके काळी दुसरी फळी होती. तिला कोणी लीग म्हणत नसे, इतकेच. महिंद्र, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, बँका, रेल्वे, पोलीस यांचे संघ व्यावसायिक गटात खेळत. मंडळाच्या मातीत तयार झालेला मुलगा तिथे नोकरीला लागे. खेळ संपला तरी नोकरी उरे, आणि गावच्या चषकात तो मंडळाच्या गणवेशात परत येई. बुवा साळवींसारख्या संघटकांनी जे कबड्डीचे जग उभे केले, त्याला या पगाराचा टेकू होता. पुढे कायम नोकऱ्या आटल्या, कंत्राटी खेळाडू आले, काही संघ बंद झाले. दुसरी खुर्ची अशी हळूहळू रिकामी होत असतानाच प्रो कबड्डीचे दिवे लागले, आणि त्या झगमगाटात खुर्ची रिकामी झाल्याचे फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गाव, माती, आपलेपणा हे सगळे भावुक बोलणे झाले. प्रो कबड्डीचा २०२५ चा हंगाम विशाखापट्टण, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली येथेच झाला. मुंबईत नाही, पुण्यात नाही. तरी लोकांनी पाहिला, पुणेरी पलटण अंतिम सामन्यापर्यंत गेली. मग दुसऱ्या लीगलाच घराची अट का? आमचे उत्तर असे की पहिल्या लीगपाशी सर्वोत्तम खेळाडू असतात, आणि प्रेक्षक सर्वोत्तम खेळाडूंच्या मागे कुठेही जातो. दुसऱ्या लीगपाशी ते नसतात. तिने पहिलीची छोटी प्रत काढली तर प्रेक्षकाला ती पाहण्याचे कारण उरत नाही. तिच्यापाशी देण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे ओळखीचा माणूस. पहिल्या लीगला बेघर राहणे परवडते. दुसरीला परवडत नाही.

साहित्याच्या वाचकांना हे नवे वाटू नये. साठच्या दशकातल्या लघुनियतकालिकांनी प्रस्थापित मासिकांची लहान आवृत्ती काढली असती तर आज त्यांचे नाव कोणी घेतले नसते. मासिके जे छापत नव्हती ते त्यांनी छापले. दादरच्या छबिलदासमधले नाटक हे शिवाजी मंदिरातल्या नाटकाचा स्वस्त प्रयोग नव्हते. अर्थात ही तुलना ताणू नये. लघुनियतकालिक बंद पडले तर कवी दुसरीकडे लिहितो. कबड्डीपटूची उमेद विसाव्या वर्षी सुरू होते आणि तिशीच्या आत संपते. त्याला दुसऱ्या अंकाची वाट पाहता येत नाही.

म्हणून ‘टिकेल काय’ या प्रश्नाचे आमचे उत्तर सशर्त आहे. संघटनेशी भांडून उभी राहिलेली, प्रायोजकाच्या दोन वर्षांच्या उत्साहावर चाललेली, शहरांची नावे लावून भलत्याच ठिकाणी खेळणारी लीग टिकणार नाही. अमेरिकेपासून पंचकुल्यापर्यंतचा अनुभव तेच सांगतो. परंतु जिल्ह्याजिल्ह्यांची, मंडळांना आणि राज्य संघटनेला बरोबर घेऊन, पहिल्या लीगचा हंगाम टाळून, आणि खेळाडूला महिन्याच्या मानधनाऐवजी वर्षाचा करार देणारी लीग टिकू शकेल. रायगड आणि रत्नागिरी यांचा सामना अलिबागेत किंवा पनवेलीत झाला तर त्याला दिल्लीच्या कॅमेऱ्याची वाट पाहावी लागणार नाही. त्यात महिलांचे संघ पहिल्या दिवसापासून असावेत, कारण त्यांच्यासाठी पहिली लीगच अजून उभी राहिलेली नाही. अशा लीगमध्ये कोटींच्या बोली लागणार नाहीत. तिचे यश मोजायचे झाले तर तीत खेळलेल्या किती मुलामुलींना तिशीनंतर स्थिर काम मिळाले, यावरून मोजावे लागेल, आणि असा हिशेब मांडायला तयार असलेला प्रायोजक मिळणे हीच खरी अडचण आहे.

तो विद्यार्थी त्या लीगमध्ये गेला नाही. पुढच्या वर्षी महासाथीत सगळीच मैदाने बंद झाली. नंतर तो एका खासगी कंपनीच्या संघातून दोन हंगाम कंत्राटावर खेळला, मग गुडघा गेला. उजव्या कोपऱ्यातून त्याने धरलेला घोटा सुटत नसे, हे तालुक्यातले जुने पंच आजही सांगतात. कोणत्याही नोंदवहीत ते लिहिलेले नाही. दुसऱ्या फळीच्या खेळाडूला लीग हवी असते ती यासाठीही: पैशाइतकीच नोंदीसाठी, कोणी तरी त्याच्या पकडी मोजाव्यात यासाठी.