उघडे की झाकलेले? टूमस्टोन गावातला जुना प्रश्न

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, टक्सन शहराच्या आग्नेयेला ७० मैलांवर, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ११३ किलोमीटरवर, टूमस्टोन नावाचे एक गाव आहे. टूमस्टोन म्हणजे थडग्यावरचा दगड. गावाला असले अभद्र नाव कुणी दिले असेल? १८७७ मध्ये एड शिफलिन नावाचा माणूस या उजाड डोंगरांत चांदी शोधायला निघाला, तेव्हा लोकांनी त्याची थट्टा केली, की तिथे तुला एकच दगड मिळेल, तुझ्या थडग्याचा! पठ्ठ्याला चांदी सापडली आणि त्याने खाणीला मुद्दाम तेच नाव दिले. खाणीभोवती गाव वसले. १८८० मध्ये तिथे वर्तमानपत्र निघाले, त्याचे नाव ‘एपिटाफ’ म्हणजे थडग्यावरचा लेख!

चांदी केव्हाच संपली. आता गाव जगते ते प्रवाशांवर. अ‍ॅलन स्ट्रीट या मुख्य रस्त्यावर लाकडी फळ्यांचे पदपथ आहेत, घोड्यांच्या बग्ग्या आहेत, १८८१ चे बर्डकेज थिएटर आहे आणि १८८२ चे विटांचे कोर्ट आहे. वीस-बावीस वर्षांचे तरुण लांब काळे कोट घालून, मिशांना पीळ भरून गोळीबाराच्या लुटुपुटीच्या खेळाची तिकिटे विकत असतात.

पण थोडा वेळ नीट पाहिले, की एक गोष्ट ध्यानात येते. या गर्दीत कमरेला पिस्तूल लावलेली काही माणसे नाटकातली नसतात. साधा टी-शर्ट, जीन्स, एका हातात मुलाचे बोट, दुसऱ्या हातात आइस्क्रीम आणि कमरेला चामड्याच्या म्यानात खरेखुरे पिस्तूल! आपल्या पोटात गोळा येतो. तिथले लोक मात्र शांतपणे शेजारून जातात.

गावकऱ्यांचा हक्क

अ‍ॅरिझोनात ही गोष्ट कायद्याला धरून आहे. १८ वर्षांवरील कोणीही पात्र माणूस पिस्तूल उघडपणे कमरेला लावून हिंडू शकतो. कपड्याखाली झाकून न्यायचे, तर पूर्वी परवाना लागत असे. ही परवाना पद्धत १९९४ मध्ये सुरू झाली. २०१० पासून २१ वर्षांवरील माणसाला तोही लागत नाही. २०११ मध्ये तर राज्याने जसे राज्यपक्षी, राज्यपुष्प असते, तसे जुने कोल्ट रिव्हॉल्व्हर ‘राज्यशस्त्र’ म्हणून जाहीर केले!

सगळी अमेरिका अशी नाही, हे येथे सांगायला हवे. इलिनॉय राज्यात उघडे पिस्तूल लावून फिरण्यास मनाई आहे, झाकून नेण्यास परवाना मिळतो. टेक्सासची कथा आणखी गमतीची. काउबॉयच्या चित्रपटांमुळे आपल्याला वाटते, की तिथे प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल असायचे. प्रत्यक्षात १८७१ च्या कायद्याने तिथे पिस्तूल बाळगून फिरण्यावर बंदी होती. परवाना घेऊन झाकून नेण्याची मुभा १९९६ मध्ये मिळाली, उघडे नेण्याची २०१६ मध्ये, आणि २०२१ पासून परवान्याची सक्तीही गेली.

सज्जन कोण?

उघडे की झाकलेले, हा वाद अमेरिकेत दोनशे वर्षांचा आहे. १८१३ मध्ये केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी शस्त्र लपवून बाळगण्यावर बंदी घातली. त्या काळची समजूत अशी, की सरळ माणूस शस्त्र दाखवून चालतो, लपवतो तो दगलबाज. आज नेमके उलटे झाले आहे. शस्त्र बाळगणाऱ्यांतही बरेच जण म्हणतात, की सभ्य माणसाने ते झाकून ठेवावे, चारचौघांना भिववू नये.

आपल्याला हा वाद अगदीच परका नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीत शिवाजी महाराजांच्या कामी आली ती मुठीत दडलेली वाघनखे, ही कथा आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. दगा होणार हे ओळखून लपवलेल्या त्या शस्त्राला कुणीही दगलबाजी म्हणत नाही!

टूमस्टोनमधल्या ज्या चकमकीवर हे गाव आज जगते, तिचे मूळही शस्त्र बाळगण्याच्या वादातच आहे. १९ एप्रिल १८८१ रोजी गावाने नियम केला, की लेखी परवान्याशिवाय हातात वा अंगावर घातक शस्त्र बाळगायचे नाही. बाहेरून येणाऱ्याने ते आधी जमा करायचे. २६ ऑक्टोबरला मार्शल व्हर्जिल अर्प याने आइक क्लँटनला शस्त्रासह पकडले, त्याला २५ डॉलर दंड झाला. दुपारी तीनच्या सुमारास अर्प बंधू आणि डॉक हॉलिडे हे क्लँटनच्या साथीदारांची शस्त्रे काढून घ्यायला निघाले. बिली क्लँटन आणि फ्रँक मॅक्लॉरी यांची पिस्तुले कमरेला उघड होती. वायट अर्पचे पिस्तूल ओव्हरकोटाच्या खिशात होते, हॉलिडेच्या लांब कोटाखाली बंदूक होती. सुमारे अर्ध्या मिनिटात तीसेक गोळ्या सुटल्या आणि बिली, फ्रँक व त्याचा भाऊ टॉम असे तिघे मेले. टॉमच्या अंगावर शस्त्र होते की नव्हते, याचा निकाल आजतागायत लागलेला नाही.

म्हणजे पाहा, ज्या गावात १८८१ साली पिस्तूल बाळगण्यास मनाई होती, त्याच गावात आज ते कमरेला लावून आइस्क्रीम खाता येते!

दादाच्या घरातली चर्चा

माझा मावसभाऊ टक्सनला राहतो. त्याचे भारतीय किराणा मालाचे छोटे दुकान आहे. रात्री नऊला दुकान बंद करून, दिवसाची रोकड घेऊन तो एकटा गाडीपर्यंत चालत जातो. शेजारच्या दुकानदाराने त्याला सल्ला दिला होता, की पिस्तूल घे. घ्यायचे तर कसे बाळगायचे, यावर जेवणाच्या टेबलावर रोज चर्चा चालली होती.

“उघडं लावलं तर चोर लांबूनच बघेल आणि परत जाईल,” दादा म्हणाला. “शिवाय इथं उन्हाळ्यात चाळीसच्या वर पारा जातो. झाकायला जाकीट कुठून घालू?”

“आणि दोघे चोर असले तर? पहिल्यांदा तुम्हालाच मारतील,” वहिनी म्हणाल्या. “नाहीतर मागून येऊन तेच ओढून घेतील.”

“मग झाकून ठेवतो.”

“झाकलेलं बाहेर काढेपर्यंत तो थांबणार आहे का?”

खरे तर सगळा युक्तिवाद या चार वाक्यांत आला. उघडे शस्त्र धाक घालते, पण लक्षही वेधून घेते. झाकलेले कुणाला दिसत नाही, पण कपड्यांतून काढायला वेळ लागतो आणि त्यासाठी पुष्कळ सराव हवा.

मग वहिनींनी दुसरी गोष्ट काढली. १५ सप्टेंबर २००१ रोजी याच राज्यात, मेसा शहरात, बलबीरसिंग सोधी या शीख गृहस्थांना त्यांच्याच पेट्रोल पंपावर गोळी घालण्यात आली. चार दिवसांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये झालेल्या हल्ल्याचा सूड घ्यायला निघालेल्या माणसाने केवळ पगडी आणि दाढी पाहून त्यांचा बळी घेतला. “आपल्या रंगाच्या माणसाच्या कमरेला पिस्तूल दिसलं, तर बघणाऱ्याला दुकानदार दिसेल की आणखी कुणी?” वहिनी म्हणाल्या. “कायदा सगळ्यांना सारखा असेल हो, पण बघणारे डोळे सारखे नसतात.”

दादा गप्प झाला. त्यालाही एक घटना आठवली. ८ जानेवारी २०११ रोजी टक्सनमध्येच एका सुपरमार्केटबाहेर खासदार गॅब्रिएल गिफर्ड्‌स यांच्या सभेत गोळीबार झाला. सहा जण दगावले, गिफर्ड्‌स यांच्यासह तेरा जखमी झाले. जवळच्या दुकानातून एक तरुण धावत आला. त्याच्या जाकिटाच्या खिशात पिस्तूल होते. समोर एकाच्या हातात पिस्तूल दिसले आणि तोच मारेकरी असे त्याला वाटले. पण त्या माणसाने ते मारेकऱ्याकडून हिसकावून घेतलेले होते! तरुणाने स्वतःचे पिस्तूल बाहेर काढले नाही, म्हणून आणखी एक निरपराध जीव वाचला. आणि मारेकऱ्याला खाली पाडून धरून ठेवले, ते नि:शस्त्र माणसांनी.

“घरात मुलगा पंधरा वर्षांचा आहे,” वहिनी शेवटी म्हणाल्या. “कमरेवर कसं ठेवायचं, हे तुम्ही दोघं ठरवाल. पण रात्री कमरेवरून उतरवून कुठं ठेवायचं, ते आधी सांगा.”

या प्रश्नाला दोघांकडेही उत्तर नव्हते. अमेरिकेत पिस्तूल-बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, हे ध्यानात घेतले तर वहिनींचा प्रश्न सगळ्यांत आधीचा आहे. दादाने पिस्तूल घेतले नाही. दुकान आठला बंद करायचे, रोकड रोज दुपारीच बँकेत भरायची आणि शेजारच्या दुकानदारासोबतच गाडीपर्यंत जायचे, असे ठरले. एका तासाचा धंदा बुडतो, याची हळहळ त्याला अजून वाटते. शेजारी मात्र झाकलेले पिस्तूल घेऊनच त्याच्यासोबत चालतो, हेही सांगितले पाहिजे!

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

आपली मुले-नातवंडे आज तिकडे शिकायला, नोकरीला जातात. त्यांना हे सांगून ठेवावे, की विद्यार्थी वा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना तिथल्या केंद्रीय कायद्याने, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता, शस्त्र बाळगता येत नाही. मित्राने ‘धरून बघ’ म्हटले, तरी दूर राहावे. कुणाच्या कमरेला पिस्तूल दिसले म्हणून घाबरून ओरडू नये, टक लावून पाहू नये, फोटो तर मुळीच काढू नये. शांतपणे आपल्या वाटेने जावे. अस्वस्थ वाटले तर त्या दुकानातून बाहेर पडावे. दारावर शस्त्रबंदीची पाटी असलेली उपाहारगृहेही तिथे असतात, ती निवडावीत.

आणि आपल्याकडे? परवाना असला, तरी २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल म्यानात आणि पूर्णपणे झाकलेलेच असावे लागते. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणे हा तर २०१९ पासून तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

टूमस्टोनला जाल तेव्हा लुटुपुटीची चकमक जरूर पाहा. मात्र ऑक्टोबर २०१५ मध्ये अशाच एका खेळात एका नटाच्या पिस्तुलात चुकून खऱ्या गोळ्या राहिल्या होत्या आणि दुसरा नट जखमी झाला होता. पिस्तूल उघडे होते, सगळ्यांना दिसत होते. आत काय आहे, ते मात्र कुणालाच दिसले नव्हते.