क्रियापदाचा जोडीदार

मंडळी, तुमच्या घरची पोरे इंग्रजी शब्द घडाघडा म्हणून दाखवत असतील. २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले, त्यामुळे शब्दांना तोटा नाही. अडते ते दुसऱ्याच ठिकाणी.

सेनगाव तालुक्यातल्या एका वस्तीवर सोयाबीनची फवारणी बघायला गेलो होतो. कीटकनाशकाची बाटली ओसरीत खालच्या फळीवर, पोरांच्या दप्तराशेजारी ठेवलेली. सातवीतल्या पोरीला म्हटले, "बाळा, यावरचे वाच बरे." तिने न अडखळता वाचले, 'कीप आउट ऑफ द रीच ऑफ चिल्ड्रन'. अर्थ विचारला तर म्हणाली, "साहेब, कीप म्हणजे ठेवणे, रीच म्हणजे पोचणे, चिल्ड्रन म्हणजे मुले. मुलांच्या हाताशी ठेवा!"

मोठे शब्द तिला सगळे आले. मधला 'आउट ऑफ' तेवढा तिने सोडून दिला, आणि 'मुलांच्या हाताला लागू देऊ नका' याचे नेमके उलटे झाले. तिच्या आईने आधी बाटली उचलून कुलपात ठेवली.

मी पोरीला हसलो नाही. मीही मराठी शाळेतून गेलेला. कृषी महाविद्यालयात पहिल्याच वर्षी वहीत लिहिले होते, 'वी अप्लाइड फॉर युरिया'. मला म्हणायचे होते, आम्ही पिकाला युरिया दिला. सरांनी विचारले, "युरियासाठी अर्ज केलात, मग मिळाला का?" सगळा वर्ग हसला. 'अप्लाय' म्हणजे खत देणेही आणि अर्ज करणेही. पण त्यापुढे 'फॉर' आला की तो अर्जच होतो. खत पिकाला द्यायचे तर 'अप्लाय युरिया टू द क्रॉप'.

असे का होते, ते बघा. आपण माणसावर रागावतो, माणसाला भितो, माणसाशी बोलतो आणि माणसाकडे मागतो. कुठे 'वर' आणि कुठे 'ला', हे तुम्हाला कोणी शिकवले? कोणीच नाही. आईच्या बोलण्यातून ते कानात बसले. इंग्रजी पोरांच्या कानावर तेवढे पडत नाही. मग ती मराठीचे शेपूट इंग्रजीला लावतात. 'हिंगोलीला पोचलो' म्हणून 'रीच्ड टू हिंगोली' लिहितात. तिथे 'टू' लागतच नाही, नुसते 'रीच्ड हिंगोली'. उलट 'रेडिओ ऐकतो' यात मराठीला काही जोडावे लागत नाही, पण इंग्रजीत 'लिसन टू' पाहिजे. एसटीची वाट बघायची तर 'वेट फॉर'. आणि 'डिस्कस' पुढे 'अबाउट' नको, 'डिस्कस द प्राइस' एवढेच बस्स.

एक 'लुक' घ्या. 'लुक ॲट द बुलक' म्हणजे बैलाकडे बघ. 'लुक फॉर' म्हणजे बैल शोध. 'लुक आफ्टर' म्हणजे बैलाला सांभाळ. क्रियापद तेच, पण पुढचा शब्द बदलला की कामच बदलले. दावे तोडून गेलेल्या बैलाकडे नुसते बघत बसून कसे चालेल?

याला एकच एक नियम सांगता येत नाही. उपाय मात्र साधा आहे. आपण जू एका बैलाच्या मानेवर ठेवत नाही. तसे पोरांनी क्रियापद एकटे पाठ करू नये, त्याच्या जोडीदारासकट करावे. नुसते 'वेट' नाही, 'वेट फॉर'. 'रीच' एकटा चालतो, तर तसे लिहून ठेवावे. वहीत रोज दोन जोड्या लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे घरचे एक वाक्य, म्हशीचे, हळदीचे, बाजाराचे. संध्याकाळी ते वाक्य मोठ्याने म्हणायला लावा. तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी बिघडत नाही. "याचा जोडीदार कोणता?" एवढे विचारायला इंग्रजी लागत नाही. तुम्ही विचारता म्हटल्यावर पोर तो शब्द गाळणार नाही.

उद्या हेच पोर नोकरीचा अर्ज लिहील, यंत्रावरची सूचना वाचेल, बाटलीवरचा इशारा घरात सांगेल. तेव्हा मोठ्या शब्दाइतकेच त्या लहान शब्दावर अवलंबून असते.

आणि हो, वही उद्या घातली तरी चालेल. बाटली मात्र आजच कुलपात ठेवा.