किमचं नाव यादीत

जुलै २०२२. तापानं अंथरूण धरलेलं, बाहेर पाऊस. एमीची नामांकनं जाहीर झाली आणि ‘बेटर कॉल सॉल’ मालिकेत किम साकारणाऱ्या रिया सीहॉर्नचं नाव यादीत पहिल्यांदाच दिसलं. सहाव्या सीझनला! उगाचच भरून आलं, ताप असेल.

पहिल्याच भागात पार्किंगमध्ये भिंतीला टेकून उभी असलेली किम. नायक जिमी तिच्या ओठांतली सिगारेट काढून एक झुरका घेतो, परत तिथेच ठेवतो. दोघं फारसं बोलत नाहीत. तेव्हापासून ती माझी.

शेवटी मालिकेच्या पदरात ५३ नामांकनं पडली, एमी एकही नाही. जिला आपण कधी भेटणारही नाही, तिच्या मानापमानाचं आपल्याला एवढं का लागावं? सख्ख्या बहिणीला बढती मिळाली तेव्हा मी इतकी हरखले होते का, आठवून पाहते आहे.