वाळलेल्या झाडाचा भाडेकरू

मागच्या हिवाळ्यात मी मुलीकडे न्यू जर्सीला होतो. घरामागे मेपलचं एक वाळलेलं झाड होतं. "निकामी झालंय, पाडून टाका. वादळात कुंपणावर पडेल," असं मीच जावयाला सांगितलं. झाड तोडणाऱ्यालाही बोलावून ठेवलं.

फेब्रुवारीत एका सकाळी त्याच झाडावरून 'टर्रर्र' असा आवाज आला. पाहतो तर चिमणीएवढा काळा-पांढरा पक्षी. पाठ पांढरी, काळ्या पंखांवर पांढरे ठिपके, डोक्यामागे लाल डाग.

"नाना, तो डाऊनी वुडपेकर आहे. लाल डाग आहे म्हणजे नर," नात म्हणाली.

उत्तर अमेरिकेतला हा सर्वांत लहान सुतार पक्षी. वजन साधारण 21 ते 28 ग्रॅम. अलास्कापासून फ्लोरिडापर्यंत जंगलात, बागांत, वस्तीतल्या परसातही दिसतो. एवढ्या थंडीतही तो सहसा मुक्काम सोडत नाही.

मला वाटायचं, तो टर्रर्र आवाज लाकूड पोखरण्याचाच. पण ती त्याची बोली आहे : ही जागा माझी, किंवा जोडीदाराला हाक. किडे शोधताना तो नुसतं हलकं टकटक करतो. ताठ शेपटीचा टेकू घेऊन उभ्या खोडावर चढतो आणि सालीखालच्या अळ्या टिपतो.

घरासाठी मात्र त्याला मेलेलं, कुजून मऊ झालेलं लाकूडच लागतं. नर-मादी मिळून ढोली कोरतात. थंडीच्या रात्री झोपायलाही तो अशीच ढोली कोरतो. त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे दुसरे छोटे पक्षी संसार थाटतात.

म्हणजे मी ज्याला निकामी म्हटलं, ते झाड कित्येकांचं घर होतं. माझ्यासारख्या निवृत्त माणसाने तरी हा शब्द जपून वापरायला हवा होता.

मी जावयाची माफी मागितली. तो हसला. धोक्याच्या फांद्या तेवढ्या उतरवल्या, खोड ठेवलं.

मी परतल्यावर मे महिन्यात मुलीने फोटो पाठवला. खोडावर रुपयाच्या नाण्याहून जरा मोठं, गोल भोक. रात्री अंड्यांवर नर बसतो, हे नातीने मला फोनवर दोनदा सांगितलं.