बिनतोंडाचा पाहुणा

पावसाळा आला की सातारा-सांगलीच्या वर्तमानपत्रांत एक फोटो हमखास छापून येतो: भिंतीवर पंख पसरून बसलेलं विटकरी रंगाचं भलंमोठं ‘दुर्मीळ फुलपाखरू’. खरं तर तो अ‍ॅटलास पतंग असतो. मला हे ओळखता येतं ते शिराळ्याच्या आमच्या गुरुजींमुळे. त्यांचं ऋण माझ्यावर आहे.

असाच एक पतंग आमच्या पडवीत बसला होता. आईने वाटीत साखरपाणी आणलं. गुरुजी म्हणाले, “वहिनी, राहू द्या. याला खायला तोंडच नसतं. खायचं ते सगळं अळी असताना खाऊन झालंय.” पुढे जेमतेम आठवडाभराचं आयुष्य, तेही जोडीदार गाठून अंडी घालण्यापुरतं. त्याच्या पिसासारख्या मिशा त्यांनी दाखवल्या. मादीचा वास नर त्यांनीच टिपतो. पंखाच्या टोकावरचं नागाचं तोंड मात्र दाखवावं लागलं नाही, आम्ही नागपंचमीच्या गावची पोरं!

खरंखुरं मोठं फुलपाखरू कसं असतं हे दाखवायला त्यांनीच मला पुढे आंबोलीला नेलं. सदर्न बर्डविंग झाडांच्या शेंड्यांवरून पाखरासारखं तरंगत गेलं. पुढचे पंख काळे, मागचे सोनपिवळे. 1932 च्या नोंदीतलं 190 मिलिमीटर पंखविस्ताराचं बर्डविंग 2020 पर्यंत भारतातलं सर्वांत मोठं फुलपाखरू मानलं जाई. मग उत्तराखंडच्या 194 मिलिमीटरच्या गोल्डन बर्डविंगने त्याला मागे टाकलं. अ‍ॅटलास तर 24 सेंटिमीटरपर्यंत भरतो.

गुरुजींना मापाचं कौतुक नव्हतं. “अळी काय खाते ते बघ,” असं ते म्हणत. बर्डविंगची अळी ईश्वरीच्या कुळातल्या वनस्पतींवरच वाढते आणि त्यांचं विष अंगात साठवते, म्हणून ते फुलपाखरू भर उन्हात निर्धास्त उडतं. पण त्या वनस्पती गेल्या की तेही गेलं. अ‍ॅटलासच्या अळीला दालचिनी, पेरू, लिंबू असं बरंच काही चालतं. विष मात्र त्याच्याकडे नाही. नागाचं सोंग आणि अंधार एवढाच त्याचा आसरा. तो पतंग आला त्या रात्री गुरुजींनी आमच्या पडवीतला दिवा मालवायला लावला, कारण दिव्यापाशी अडकलेल्या पतंगाची एक रात्र वाया जाते आणि त्याच्याजवळ रात्री मोजक्याच असतात.

तुमच्या भिंतीवर असा पतंग आला तर फोटो जरूर काढा, पण त्याला हात लावू नका आणि रात्री तेवढा दिवा बंद ठेवा. रानात ईश्वरीची वेल दिसली तर मुळांसाठी ती उपटू नका.