एका शेतघरांतील भाषा

कांहीं यात्रा संकल्पावांचून घडतात. दोन वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या सुटींत मी मुलीकडे इंग्लंडांत गेलों होतों. शेक्सपिअरचें गांव दाखविण्याचा तिचा बेत. माझ्या मनांत मात्र वेल्सच्या डोंगरांतील एक शेतघर होतें. पेनमाख्नो गांवापलीकडे, विब्रनांटच्या चिंचोळ्या खोऱ्यांत, जाड दगडी भिंतींचें तें ‘टी मौर’ उभें आहे. नांवाचा अर्थ ‘मोठें घर’. पण आपल्याकडील एखाद्या वाड्यापुढें तें लहानच दिसेल.

या ठिकाणीं १५४५ सालीं विल्यम मॉर्गनचा जन्म झाला. केंब्रिजला ग्रीक व हिब्रू शिकून तो खेड्यांत धर्मोपदेशक झाला. सेल्सबरीप्रभृतींनीं १५६७ सालीं प्रसिद्ध केलेला नवा करार त्यानें सुधारून घेतला, जुना करार भाषांतरिला, आणि १५८८ सालीं संपूर्ण बायबल वेल्श भाषेंत आलें. तें छापलें लंडनांत. खिळे जुळविणाऱ्यांना वेल्श येत नव्हती. म्हणून मॉर्गन जवळजवळ वर्षभर तेथें राहून मुद्रितें तपाशीत बसला.

या उद्योगामागची हकीकत मोठी मौजेची आहे. १५३६ च्या कायद्यानें वेल्श न्यायालयांतून व सरकारी अधिकारांतून हद्दपार झाली होती. १५६३ सालीं पार्लमेंटनें बायबलाच्या वेल्श भाषांतराची आज्ञा दिली खरी. पण चर्चमध्यें शेजारीं इंग्रजी प्रतहि ठेवावी, म्हणजे दोन्ही ताडून पाहतां पाहतां लोक इंग्रजी शिकतील, असा तिचा हिशेब होता. हिशेब चुकला. कवींनीं जपलेल्या भाषेला या ग्रंथानें गद्याचें भारदस्त रूप दिलें, आणि दर रविवारीं तें शेतकऱ्याच्या कानीं पडूं लागलें. २०२१ च्या शिरगणतींतहि वेल्समध्यें सुमारें ५ लक्ष ३८ हजार लोकांना वेल्श बोलतां येत असल्याची नोंद झाली.

घरांत नानाविध भाषांतील बायबलें जमविलेलीं होतीं. हें सारें मी मुलीला प्राध्यापकी थाटांत, आणि अर्थातच इंग्रजींत, समजावून सांगत होतों. तिनें मध्येंच मराठींत विचारलें, “बाबा, आजीचीं पत्रें अजून आहेत का?”

मी गप्प झालों. माझी आई नातीला नेमानें मराठींत पत्र लिही, आणि मी तें तिला इंग्रजींत सांगें. तिला इंग्रजी शाळेंत घालण्याचा निर्णय माझा. ‘मराठी काय, घरांत आपोआप येईल,’ हें आश्वासनहि माझेंच. ती मराठी बोलते. आजीचें अक्षर मात्र तिला लागत नाहीं. तीस वर्षें मीं इंग्रजी वाङ्मय शिकविलें, याचा मला पश्चात्ताप नाहीं. मॉर्गनहि परक्या विद्या शिकला होता. पण तो त्या घेऊन आपल्या भाषेकडे परतला. मी परतलों नव्हतों, एवढेंच.

पुण्यास आल्यावर मीं ट्रंकेंतील पत्रें बाहेर काढलीं. दर रविवारीं एक पाठवितों. डाव्या बाजूस आईचें अक्षर, उजव्या बाजूस माझें इंग्रजी. युक्ति पार्लमेंटचीच, दिशा तेवढी उलटी. गेल्या महिन्यांत मुलीचें उत्तर आलें. तीनच ओळी, पण मराठींत. आणि त्यांत ऱ्हस्वदीर्घाच्या सात चुका. संवयीनें मीं तांबडी पेन्सिल हातांत घेतली, आणि तशीच खालीं ठेवली.